नळीतले पंचामृत

माझ्या रायफलीविषयी आमच्या नातेवाइकांत दोन कथा सांगितल्या जातात. पहिलीनुसार ती आधीपासूनच गंजलेली होती. दुसरीनुसार व्याह्यांनी थोर मनाने माझा हट्ट पुरवला. दोन्ही खोट्या आहेत, आणि दोन्हींचा उगम नागपुरास, माझ्या सुनेच्या वडिलांपाशी आहे. मी अद्याप हयात आहे. तेव्हा घडले ते लिहून ठेवतो.

रायफल म्हणजे लष्कराने वापरून विक्रीस काढलेली जुनी थ्री-नॉट-थ्री. कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये अशाच रायफलीवर मी नेम धरायला शिकलो. पुढे मिशिगनला आल्यावर तिचीच बहीण एका दुकानाच्या फळीवर दिसली आणि मी तिला घरी आणले. रेंजवरून परतल्यावर तिची नळी तेलाच्या चिंधीने पुसल्याखेरीज मी कधी जेवायला बसलो नाही. अशा माणसाची रायफल म्हणे आधीपासून गंजलेली!

२००४ साली व्याही प्रथमच मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आमच्याकडे राहावयास आले. खंडेनवमीच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे गोळी आत सारणारा बोल्ट काढून रायफल पाटावर ठेवली. आमची शस्त्रपूजा कोरडी असते: लाकडी दस्त्याला गंधाचे बोट, झेंडूचे एक फूल, नमस्कार. मी आंघोळीला गेलो. परत येऊन पाहतो तो पाट रिकामा.

"मुहूर्त टळत होता," व्याही म्हणाले. "यथासांग पूजा करून पेटीत ठेवली. आपण काही काळजी करू नका."

मी त्यांचे आभार मानले. ते आभार मला आजही परत हवे आहेत.

त्याच आठवड्यात माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, पाठोपाठ बर्फ आले. एप्रिलमध्ये पेटी उघडली तेव्हा आंबूस, कुबट वास आला आणि 'यथासांग' म्हणजे काय ते कळले. व्याह्यांनी रायफल उभी धरून, देवाच्या मस्तकावर घालावे तसे नळीच्या तोंडातून पंचामृत घातले होते. वरून लखलखीत पुसली; आत मात्र दही, मध आणि साखर हिवाळाभर मुरत राहिली. नळीत गंजाचे खवले धरले होते, दस्त्याचे लाकूड फुगून चिरले होते.

मी नागपूरला फोन लावला.

"हो, घातलं की पंचामृत," ते म्हणाले. "पण पंचामृत काय विष आहे का हो? जुनाट माल तो. आतून आधीच सडलेला असणार."

"पप्पांनी श्रद्धेनं केलं ना, बाबा," सून म्हणाली.

मुलगा म्हणाला, "बाबा, सोडून द्या ना यार! एक तर रिपेअर करा, नाहीतर फेकून द्या."

बंदुका दुरुस्त करणाऱ्याने सांगितले की नळी गेली. त्याच जातीची दुसरी बसवता येईल. परंतु मला नळीची नव्हे, पुराव्याची चिंता होती. दुरुस्त केली तर व्याही म्हणणार, बघा, काही झालंच नव्हतं. म्हणून उन्हाळाभर मी ती तशीच ठेवली आणि घरी येईल त्याच्या हाती टॉर्च देऊन नळीत पाहावयास लावले. लोक पाहत, हळहळत आणि हमखास विचारत, "काका, पण ही मुळात जुनी किती आहे?"

गंज माझ्या नव्हे, व्याह्यांच्या बाजूने साक्ष देत होता. हे ध्यानात आले त्याच दिवशी मी रायफल दुरुस्तीस दिली.

पुढच्या खंडेनवमीला व्याही पुन्हा आमच्याकडे होते. मी गावातली चार-पाच कुटुंबे मुद्दाम जेवावयास बोलावली. रायफल पाटावर ठेवून प्रत्येकास नळी आतून दाखवली, शेवटी व्याह्यांनाही.

"वा! अगदी आरसा," सर्वांसमक्ष ते म्हणाले.

मी चांदीची वाटी आणि पळी त्यांच्यापुढे सरकवली.

"करा अभिषेक. यथासांग. मी उभी धरतो."

"बाबा, प्लीज!" मुलगा कळवळून म्हणाला.

"का रे? पंचामृत काय विष आहे का?"

व्याह्यांनी ओतले असते तर मी बोटही हलवले नसते. रायफल दुसऱ्यांदा गेली असती, आणि त्यांना बेधडक ओतताना पाहिलेल्यांनी माझा शब्दही मानला नसता. तेवढी तयारी ठेवूनच मी ती धरली होती. त्यांनी पळी भरली. ती नळीच्या तोंडाशी आली आणि तेथेच थांबली. एक थेंब पाटावर सांडला. मग व्याह्यांनी पळी वाटीत ठेवली, उपरण्याला हात पुसले आणि झेंडूचे फूल उचलून दस्त्यावर वाहिले.

"यंदा फुलावरच भागवू," ते म्हणाले.

"पप्पांनी बाबांचं मन राखलं," असे सून आजही सांगते. सांगू दे. पळी मागे फिरताना खोलीभर माणसांनी पाहिली आहे.

वाटीतले पंचामृत टाकून देणे बरे नव्हे. मी व्याह्यांना उजवा हात पुढे करावयास सांगितले आणि तळहातावर पळी पळी करून सगळे त्यांनाच दिले. त्यांनी ते निमूटपणे प्राशन केले.