मनातला भाव

माझ्या मराठीमुळे एकदा संगमनेरकडच्या एका गावात दुधाचा भाव वाढता वाढता राहिला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पप्पा गावातल्या दूध संकलन केंद्राचे प्रमुख, आणि मी नगरच्या इंग्रजी शाळेतून बारावी देऊन घरी आलेली. (चारचौघांत बोलायची वेळ आली की मी पडद्यामागे.)

केंद्रावर दुधाची फॅट तपासायला सखाहरीकाका असत. पंधरा वर्षं ते पप्पांच्या शेजारी उभे होते. पण मी आले त्याच आठवड्यात त्यांचा एक नमुना चुकला आणि पप्पा भर रांगेसमोर त्यांच्यावर ओरडले. तेव्हापासून काकांचा अबोला! फारच अडलं तर ते दुधाच्या कॅनशी बोलत.

"कॅनबाई, साहेबांना म्हनावं, सही पायजे."

काकांच्या खिशात बदलीचा अर्ज तयार आहे, हेही कानावर आलं. पप्पांना जेवण जाईना. पण 'चुकलं' हा शब्दही तोंडातून निघेना.

अशात डेअरीच्या पुण्याच्या ऑफिसातून एक इंग्रजी कागद आला. कामाच्या जागी भावना कशा ओळखाव्यात, कशा बोलून दाखवाव्यात!

"तू इंग्लिश मीडियमची ना?" पप्पा म्हणाले. "मराठीत कर आणि केंद्राच्या फळ्यावर लिही."

मला वाटलं, हा कागद देवानंच धाडला. मी शब्दकोश उघडला. 'फीलिंग'समोर पहिलाच शब्द होता भाव. छोटा, सुटसुटीत! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'कामाआधी प्रत्येकाने आपला भाव मोकळेपणाने सांगावा. दुसऱ्याचा भाव शांतपणे ऐकावा. कुणाचाही भाव कमी लेखू नये.'

सकाळी केंद्रावर दूध घालणाऱ्यांची ही गर्दी!

"माजा आठ रुपये! लिवा!"

"आठ? पेंड काय फुकट येती व्हय? म्हशीचा धा धरा!"

"आरं, फळ्यावरच हाय, कमी लिवायचा न्हाई!"

पप्पा घामाघूम. "अहो, दुधाचा नाही! मनातला! मनातला भाव!"

मागून एक आजोबा म्हणाले, "मनातला इचारता, तर बारा हाय."

आणि कोपऱ्यात कुणीतरी खो खो हसलं. सखाहरीकाका! आठवड्यात पहिल्यांदा!

पप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "सखाहरी, तुझ्या मनातलं काय?"

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. "साहेब, चुकलं तर आत बोलवून बोला. चार लोकांत न्हाई. लई लागलं."

पप्पा रांगेकडे वळले.

"चार लोकांत बोललो," पप्पा म्हणाले, "म्हणून चार लोकांतच सांगतो. चुकलं माझं."

काकांनी खिशातला अर्ज काढला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल स्थिर झालं.

"मंग बारा फायनल समजायचं का?" आजोबांनी विचारलं.

हशा ओसरल्यावर पप्पा माझ्याकडे वळले. "आणि बाईसाहेब, तुमच्या मनातलं काय?"

मला खूप सांगायचं होतं. की मी आठवडाभर घाबरले होते. की पप्पा मला आज फार आवडले. सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

"आय अ‍ॅम फाइन," मी म्हणाले.

"सांगंना व्हय?" सखाहरीकाका हसले. "भाव खातीय पोरगी!"

घरी जाऊन मी वहीत 'भाव खाणे' लिहिलं आणि समोर अर्थ लिहिला : मनातलं गिळून टाकणे.

त्या आठवड्यातलं माझं एवढं एकच भाषांतर अचूक होतं!