बंधुसभेत कुणी बोलावत नाही

ज्या संस्थेत 'आतलं बाहेर सांगणार नाही' अशी शपथ घ्यावी लागते, तिच्याबद्दल सांगण्यासारखं इतकं साठत जातं की विचारू नका! आमच्या नगरच्या बंधुसभेचं तसंच झालं आहे. भिंगारच्या रस्त्याला साहेबाच्या काळातला दगडी हॉल, महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी बैठक, आणि दारावर पहारेकरी म्हणून मी. माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा, त्यामुळे एका जागी गप्प बसायची सवय होती. सभेने ती हेरली आणि व्हरांड्यातली खुर्ची मला दिली. सोबत एक बोथट तलवार.

आतलं मी सांगणार नाही. पण शपथ दारापर्यंतचीच आहे, आणि खरी गंमत दाराबाहेरच होते!

*

आमच्याबद्दल गावात नाही नाही ते बोललं जायचं. आत माणसाची कवटी आहे, आत भुताला जेवण घालतात, एक ना दोन. चहासाठी दूध आणणारा भिकाजी तर किटली खालच्या पायरीवर ठेवायचा आणि तिथूनच हाक मारायचा. वर कधी चढला नाही.

बैठक सुरू होताना आत लाकडी हातोडा तीनदा वाजतो. एका शनिवारी तो वाजला आणि भिकाजी जाता जाता थांबला.

"घड्याळजी, एक इचारू का? रागवायचं न्हाई."

"विचार."

"मला मिसरूड फुटलं नव्हतं तवापासून ऐकतोय. दर बैठकीला ठक, ठक, ठक! एवढी शिकलेली मानसं आत बसत्यात. आतापातुर एक खुर्ची तरी पुरी झाली का वो?"

*

नवा माणूस घ्यायचा तर व्हरांड्यात माझ्या टेबलावर मतपेटी ठेवतात. सभासद एकेक करून बाहेर येतो आणि पेटीत गोटी टाकतो. पांढरी म्हणजे घ्या, काळी म्हणजे नको. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद!

आमच्यात रावसाहेब म्हणून रिटायर्ड मामलेदार होते. सगळी नोकरी लोकांचे अर्ज नामंजूर करण्यात गेलेली, ती सवय पेन्शनीत कशी सुटणार? प्रत्येक पेटीत न चुकता एक काळी गोटी. मत गुप्त असतं, पण ती टाकून रावसाहेब असे प्रसन्न होऊन आत जायचे की गुप्त काही राहायचंच नाही!

खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. शेवटी आमचे नाना वकील कामाला लागले. त्यांनी नियम बारकाईने वाचले आणि पुढच्या निवडणुकीत रावसाहेबांचंच नाव अध्यक्षपदासाठी सुचवलं. रावसाहेबांना भरून आलं. "माझी कदर झाली," असं म्हणत ते व्हरांड्यात सगळ्यांशी हात मिळवत फिरले.

महिन्याभराने मतपेटी आली. रावसाहेबांनी सवयीने काळ्या गोटीसाठी हात पुढे केला. नाना वकील अदबीने म्हणाले,

"रावसाहेब, अध्यक्षांना मत नसतं!"

*

आत येणाऱ्याने अंगावर धातूची वस्तू ठेवायची नाही, असा नियम आहे. आत सगळे सारखे, कुणाकडे सोनं आहे आणि कुणाकडे पितळ हे दिसायला नको, म्हणून. मी ताट धरतो आणि नवा माणूस त्यात एकेक वस्तू टाकतो.

भिंगारचे एक सुभेदार आले होते. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, ताईत, सुटे पैसे, सगळं ताटात पडलं. तरी ते खिन्नच.

"अजून काही आहे का?" मी विचारलं.

"आहे. मांडीत एक गोळी आहे. काश्मीरची. मिलिटरी हॉस्पिटलला निघाली नाही, तुम्हांला जमते का बघा!"

आता आली पंचाईत! मी दार ठोठावून झरोक्यातून रावसाहेबांना विचारलं. रावसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले आणि निकाल दिला,

"गोळी ही सरकारी मालमत्ता आहे. तिला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. येऊ द्या!"

*

पण खरी परीक्षा असते ती दारातल्या प्रश्नाची. डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला दाराशी उभं करतात. एक ओळखीचा सभासद त्याचा हात धरतो. झरोक्यातून अध्यक्ष विचारतात, "तुम्हांला इथं कुणी बोलावलं?"

उत्तर एकच. कुणी नाही, माझा मी आलो. कारण बंधुसभा कधीच कुणाला बोलावत नाही. सख्ख्या भावालासुद्धा 'ये' म्हणायचं नाही, सुचवायचंही नाही. ज्याला वाटेल त्याने आपल्या तोंडाने विचारायचं. आणि दारातलं हे उत्तर शिकवायला सक्त मनाई. कुणाचं नाव घेतलं, की वर्षभर थांबा!

आता नगरकडचा माणूस चार लोकांत बोलायला उभा राहिला आणि त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, असं कधी होतं का? एका हेडमास्तरांनी घसा साफ केला. "आपणां सर्वांच्या आशीर्वादाने आणि डॉक्टरसाहेबांच्या प्रेरणेने..." झरोका खाडकन बंद!

पुढच्या वर्षी मास्तर सावध होऊन आले. प्रश्न आला. मास्तर हळूच म्हणाले, "कुणीच नाही. माझा मीच आलो..." आणि एवढ्यावर थांबवेना म्हणून, "फक्त परमेश्वराच्या कृपेने!"

आत कुजबुज झाली. रावसाहेबांचा आवाज आला, "परमेश्वर आपला सभासद आहे का? नाही ना? मग घ्या आत."

*

या नियमाने सगळ्यांत जास्त छळलं ते बापूंना. बापू शेवगावच्या बाजारातले आडतदार, नाना वकिलांचे बोर्डिंगपासूनचे दोस्त. बैठकीच्या शनिवारी बापू जीप घेऊन नगरला यायचे, नानांना हॉलवर सोडायचे आणि बैठक संपेपर्यंत कंपाउंडच्या भिंतीवर शेंगा खात बसायचे. मग दोघं मिळून भेळ खायला जायचे. वर्षानुवर्षं हेच.

बापूंना आत यायचं होतं. नानांना तर त्यांच्याशिवाय आत करमत नव्हतं. पण नानांना बोलावता येईना, आणि बापू विचारीनात!

"घड्याळजी," बापू मला भिंतीवरून म्हणायचे, "पत्रिका उशिरा आली म्हनून मी मेव्हण्याच्या लग्नाला गेलो न्हाई. हितं बिनबोलावता जाऊ व्हय?"

मी तलवार पुसत बसायचो.

हळूहळू त्यांच्या बोलण्यातली गंमत गेली. दुष्काळाच्या साली एकदा म्हणाले, "नान्याला माझी लाज वाटती. आडत्या मानूस, बसू दे भिंतीवर." पुढच्या शनिवारी जीप आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नाना टांग्याने आले, रिकाम्या भिंतीपाशी उभे राहिले. मला म्हणाले, "नियम मोडावा असं पहिल्यांदाच वाटतंय हो." पण मोडला नाही.

हा तिढा सोडवला बापूंच्या मंडळींनी. अनुसयाबाई जामखेडच्या, बोलायला रोखठोक. बापूंनीच मला नंतर सांगितलं. बापू ओसरीवर तोंड पाडून बसलेले. बाई म्हणाल्या,

"नानाभावजींना तुमी कधी इचारलं का, मला घेता का म्हनून?"

"मी कशापायी इचारू? त्यानं बोलवावं."

"आपली सोयरीक झाली तवा माझ्या बापाच्या दारात कोन आल्तं? तुमचे आबाच ना? त्यास्नी कुनी सांगावा धाडला हुता? तवा पडला का त्यांचा फेटा?"

दुसऱ्या दिवशी बापू कोर्टाच्या आवारात हजर! भर पक्षकारांत गरजले, "नान्या, मला तुमच्यात घेता का न्हाई?"

नानांनी, एवढे वकील असून, नुसती मान हलवली आणि चष्मा पुसत बसले.

*

गोट्या सगळ्या पांढऱ्या पडल्या. रावसाहेब मात्र कुरकुरले, "मला मत असतं तर विचार केला असता."

बैठकीच्या आदल्या दिवशी नाना माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"घड्याळजी, हा माझं नाव घेणार. याच्या शेवगावात पाऊस पडला तरी 'नान्याच्या पायगुणानं पडला' म्हणतो!"

"मग काय करायचं?"

"काय करणार? सांगता येत नाही. पण दारातून परत पाठवला ना, तर तो पुन्हा येणार नाही. भिंतीवरसुद्धा नाही."

शनिवार आला. बापू फेटा बांधून आले. माझ्या ताटात घड्याळ, जीपची किल्ली, चांदीचा करदोटा पडला. फेटा नीट सावरून मी डोळ्यांवर पट्टी बांधली. नानांनी त्यांचा हात धरला.

मी दार ठोठावलं. झरोका उघडला. रावसाहेबांचा जुना कचेरीतला आवाज आला,

"तुम्हांला इथं कुणी बोलावलं?"

बापूंनी पट्टी बांधलेलं तोंड नानांकडे वळवलं. नानांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"कुनी बोलावलं?" बापूंचा आवाज एकदम चढला. "आवो, हितं कुनी बोलावतंय व्हय? इतकी वर्सं त्या भिंतीवर बसून शेंगा खाल्ल्या! उन्हात बसलो, पावसात बसलो, एकानं 'ये बाबा आत' म्हटलं न्हाई! ह्यो हात धरून हुबा ऱ्हायलाय ना, ह्यानंबी न्हाई! शेवटाला लाज सोडून माझा मीच आलो!"

आत रावसाहेब खाकरले.

"इतकं चोख उत्तर या दारात आजवर कुणी दिलेलं नाही. उघडा!"

मी दोन्ही दारं सताड उघडली. आतले सगळे उठून उभे राहिले होते. नानांनी हात पुढे ओढला, पण बापू जागचे हलेनात.

"आता काय झालं, बापू?" नाना हळूच म्हणाले.

पट्टीखाली बापूंच्या मिशा हलल्या.

"आता तरी 'ये' म्हन की, नान्या!"