रुजलेलं उपटू नये

चहा अंगावर सांडायचा नसेल तर कप आधी खाली ठेवा, मगच ऐका. जन्मभर मी लोकांच्या टोप्या उडवल्या. पण परवा माझीच अशी उडाली, की डोक्यासकट गेली म्हणा ना!

त्याचं असं झालं. चाकणचं आमचं कांद्याचं रान पोरानं हाती घेतलं, तेव्हा म्हटलं चार दिवस चिंचवडला लेकीकडं जाऊन येऊ. त्या चार दिवसांचे पुढं किती झाले, ते विचारू नका. मंगलचा सोफाच मऊ!

आमचे जावई अमोलराव मोठ्या कंपनीत. त्यांना नाद गोल्फचा. गोल्फ म्हणजे काय? तर चांगला हातातला चेंडू आपणच लांब भिरकावायचा, आणि मग आपणच रानोमाळ शोधत हिंडायचं. म्हैस हरवली की आम्हीपण असंच हिंडतो, पण त्यासाठी पांढरे मोजे घालत नाही.

कंपनीच्या गोल्फचा कप दरवर्षी त्यांचे वरचे इनामदार साहेब घरी नेत. यंदा शेवटची लढत साहेब आणि अमोलराव यांच्यात. जावयानं शोकेसमध्ये कपाची जागासुद्धा पुसून ठेवलेली. आणि ऐन सकाळी काठ्यांची पिशवी उचलणारा गडी तापानं पडला!

"मी हाय की!" मी सोफ्यावरून म्हणालो.

जावयाचं तोंड बघायला पाहिजे होतं. उभ्या पिकात गारा पडल्यासारखं!

देहूरोडच्या गोल्फ मैदानाकडं जाताना गाडीत त्यांनी मला शिकवायला घेतलं. "मामा, एवढंच लक्षात ठेवा. जे सुटं पडलंय, पान, काडी, दगड, शेण, ते उचलायला परवानगी आहे. फक्त चेंडू हलता कामा नये. पण जे रुजलंय, त्याला हात लावायचा नाही. आहे तिथून खेळायचं. आणि तुम्ही चूक केलीत, तरी दंड मला बसतो."

"व्हय व्हय. संसारागतच हाय की," मी म्हणालो. मंगलच्या नवऱ्याला हसू आलं नाही.

खेळ सुरू झाला. एकेका भोकाची हारजीत वेगळी. जास्त भोकं मारील त्याचा कप. तिसऱ्याच भोकाला साहेबांचा चेंडू जाऊन टेकला शेणाच्या पोवाला. माझ्या अंगात आलंच!

"साहेब, सुटं हाय. उचला!"

"काका, ओलं आहे हो ते."

"नियमात ओलं-वाळलं कुठं लिवलंय?"

साहेबांनी दोन बोटांनी, नववधूनं पदर धरावा तसं ते धरलं. पो आला अर्धा, आणि चेंडू गेला गडगडत! एक फटका दंड. भोक आमचं!

मग काय विचारता? चौथी नापास माणूस एका तासात गोल्फचा वकील झाला. साहेब घाणेरीची फांदी जरा बाजूला दाबायला लागले, की मी लांबून, "हां हां! रुजलंय ते! आहे तिथून खेळायचं!" दगडाला हात घातला, की "हलवून बघा आधी, जमिनीत पुरलाय का!" साहेब घामाघूम. जावई कानात म्हणाले, "मामा, तुम्ही तर कमाल केलीत!" लग्नानंतर पहिल्यांदाच हो!

शेवटच्या भोकाला बरोबरी. साहेबांचा चेंडू वाळूत रुतलेला. आमचा झकास हिरवळीच्या कडेला, फक्त मागं गवताचा एक फुटवा. जावई डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. आता एवढं भोक मारलं, की कप शोकेसमध्ये!

आणि माझी नजर त्या फुटव्यावर गेली.

गाजरगवत! तेही फुलावर आलेलं!

आता तुम्हीच सांगा, कांद्याची खुरपणी करण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं काय करावं? एक झाड सोडलं तर पुढच्या साली शेत भरतं. हात माझा नव्हताच, तो सवयीचा होता. वाकलो, बुडाशी धरलं, मुळासकट उपटलं, पायावर आपटून माती झाडली आणि दिलं फेकून. वर धोतराला हात पुसून ऐटीत मान वर केली.

सगळे पुतळे! जावयाचे डोळे उघडलेले.

इनामदार साहेब वाळूतून सावकाश वर आले. अगदी गोड आवाजात म्हणाले, "काका, ते सुटं होतं का हो?"

"आता हाय की!" मी म्हणालो.

रुजलेलं उपटलं की दंड एका फटक्याचा नाही, अख्ख्या भोकाचा! भोक गेलं. कप गेला.

संध्याकाळी मी सोफ्यावर डोळे मिटून पडलो होतो. स्वयंपाकघरात मंगल कुजबुजली, "अहो, बाबांना आता चाकणला सोडून या म्हणते मी. तुम्हीच काढा विषय."

अमोलरावांनी मोठा सुस्कारा सोडला. "सुटं असतं तर कधीच उचलून ठेवलं असतं गं. पण आता रुजलंय. आहे तिथून खेळायचं!"