फळकूटवाली

दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या घडवायची. उरल्यासुरल्या ॲक्रिलिकमधून बोटभर लांबीची जहाजं काढायची आणि रविवारी ती घेऊन भावोजींबरोबर क्लबात जायची. तिथे निळं कापड अंथरलेल्या टेबलांवर दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारी लढाया खेळल्या जात. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं, जहाजं सरकवायची.

तिचा जीव जडला होता तो युद्धाच्या सुरुवातीच्या लाकडी टॉर्पेडो बोटींवर. अंगाला प्लायवूड, पोटात पेट्रोल; एक गोळा लागला की कारभार आटोपला. पण जवळ पोचली तर मोठ्या क्रूझरलाही पाणी पाजायची. क्लबातले तिला 'फळकूटवाली' म्हणत. त्या फळकुटांना जवळ पोचवायचं काम भावोजींचं. त्यांची विनाशिका पुढे होऊन आडोशाला धूर सोडायची आणि हिच्या बोटी त्या धुरातून बाहेर पडायच्या. ताईच्या लग्नानंतर त्यांनीच तिला हा नाद लावला होता.

वार्षिक सामन्यात समोर औषधदुकानदार होता, क्लबातला मुरलेला गडी. जिंकणाऱ्यानं हवा तो जोडीदार घेऊन बाहेरगावच्या स्पर्धेला जायचं होतं. तिनं बोटी पूर्ण वेगात पुढे काढल्या.

"भावोजी, धूर."

भावोजींनी विनाशिका उचलली आणि मागे वळवली. चुकून झालं असेल, असं वाटून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते पट्टी न्याहाळत होते. दुकानदारानं मात्र सगळ्या तोफा आधीच तिच्या बाजूला रोखून ठेवल्या होत्या. एकेक बोट टेबलावरून उचलली गेली.

पुढच्या रविवारी बाहेरगावच्या स्पर्धेसाठी जोडी जाहीर झाली: औषधदुकानदार आणि भावोजी. ती तडक ताईच्या घरी गेली.

"तुमचं आधीच ठरलं होतं ना?"

"अगं, खेळ आहे तो," भावोजी म्हणाले. "त्यांना जोडीदार हवा होता. म्हणाले, एवढा सामना सोडा. तुझी फळकुटं तशीही बुडतातच."

"बुडण्याचं काही नाही. मला सांगितलं असतंत तर मीच बाजूला झाले असते."

ताई मध्ये पडली. "मीच म्हटलं ह्यांना, संधी आलीय तर सोडू नका. तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

सामन्याच्या आदल्याच दिवशी ताई लॅबमध्ये येऊन दाताची टोपी घासून घेऊन गेली होती. चहा प्यायली होती, हसली-खिदळली होती, "उद्या जिंकून ये" म्हणाली होती.

भावोजींचं एक वेळ तिनं पोटात घातलं असतं. हे काही घशाखाली उतरेना.

क्लबाच्या कपाटातून तिनं आपल्या बोटी काढून आणल्या. विनाशिकाही तिनंच घडवलेली, ती तिथेच ठेवली. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, अनोळखी माणसांत खेळते. कुणी जोडीला येऊ का विचारलं, तर नको म्हणते आणि बहुतेक वेळा हरते. ताईकडे जाणं तिनं तोडलेलं नाही. जाते, दाराजवळच्या खुर्चीत बसते, आणि खेळाचा विषय निघाला की लॅबमध्ये काम पडलंय म्हणून उठते.