चिंबोऱ्यांची साक्ष

वेताळाच्या देवळात दुपारची झोप काढणारा माणूस मी. भूत, चकवा, झपाटणं हे सगळं ऐकून मी आजवर फक्त जांभई दिलेली आहे. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... चिडलात तर मला जास्त आवडेल.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. रेवदंड्याच्या बाजूला एका लहान दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टर एक, नर्स एक – अनसूयाबाई – आणि हत्यारं उकळायचं झाकणाचं पितळी भांडंही एकच. डॉक्टरसाहेबांचा जीव चिंबोऱ्यांवर. (घाटावरच्या वाचकांसाठी – खाडीतले दांडगे खेकडे.) त्या मावतील एवढं भांडं त्यांच्या घरी नव्हतं. म्हणून दवाखान्याचं भांडं आठवड्यातून तीनदा त्यांच्या चुलीवर चढे, आणि त्या दिवशी बाळंतिणीच्या कात्र्या-चिमटे नुसत्या गार पाण्याने धुतले जात.

चिंबोऱ्या आणायची जानकी कोळीण. बाकीच्या बायका नांग्या सुंभाने बांधत. ही जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाने, दोन गाठी मारून. "घे रं दादा, चावाची न्हाय. माझी गाठ हाय."

तिचं बाळंतपण दवाखान्यातच झालं. भांडं त्या दिवशी चुलीवर होतं. पाचव्या दिवशी जानकी तापात गेली.

अनसूयाबाईंनी जिल्ह्याला अर्ज लिहिला. तिथून काय व्हावं? तो अर्ज 'अभिप्रायासाठी' परत आला, तोही डॉक्टरांच्याच टेबलावर. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच सांगायचं ती खरी की खोटी. आज लिहितानाही माझं डोकं तापतं. डॉक्टरांनी लिहिलं: हत्यारं उकळणं नर्सचं काम, तिनेच हयगय केली. आता बाईंची नोकरी जाणार, सर्टिफिकेट जाणार, राहायची खोलीही जाणार.

साक्षीदार आम्ही चौघे: मी, शिपाई, झाडूवाला आणि डॉक्टरांचा आचारी.

"कंपाउंडर, भांडं जाताना तुम्ही पाहता ना?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी औषधं वाटत असतो."

"भांडं तुम्हीच उचलून देता."

मी बाटलीचं बूच शोधू लागलो.

चौकशीला अलिबागहून मोठे साहेब आले. भांडं आदल्या दिवशी चिंच लावून सोन्यासारखं घासलेलं. साहेबांनी ते कोरडं असल्याचं बघून कपाटात ठेवलं, कुलूप घातलं, वर लाखेचं सील केलं, किल्ली खिशात टाकली आणि त्याच खोलीत, डॉक्टर आणि बाईंच्या देखत, आमच्या साक्षी घ्यायला बसले. आचारी म्हणाला, भांडं कधीच हललं नाही. झाडूवाला तेच म्हणाला. शिपाईही. मीही.

भर दुपारचे बारा. साहेबांची लेखणी थांबली.

"हा कसला वास?"

आम्हा चौघांना कळलं होतं. कपाटातून चिंबोऱ्या शिजल्याचा वास येत होता.

सील शाबूत होतं. साहेबांनी ते तोडलं, कपाट उघडलं, भांड्याला हात लावला आणि बोटं भाजून मागे घेतली. रुमालाने झाकण उचललं... पाणी खळखळत होतं. आत चार लालभडक चिंबोऱ्या. नांग्यांना हिरवा काठ, दोन-दोन गाठी. जानकीला जाऊन सव्वा महिना झाला होता.

"हे या बाईनंच केलंय," डॉक्टर म्हणाले.

"किल्ली माझ्या खिशात होती," साहेब म्हणाले.

मी टेबलापुढे आलो. "साहेब, भांडं मीच नेऊन देतो. दर वेळी."

अनसूयाबाई राहिल्या. डॉक्टरांची बदली झाली – मोठ्या दवाखान्यात. तिथली भांडी आणखी मोठी असतील.

कोरड्या भांड्यात पाणी कुठून आलं आणि विस्तवाशिवाय कसं उकळलं, हे अजून मला कोणी सांगू शकलेलं नाही. रसायनशास्त्राच्या एका प्रोफेसरांना विचारलं, तर ते म्हणाले, "कंपाउंडर, दवाखान्यातलं स्पिरिट जपून वापरा."

त्या संध्याकाळी मी भांडं घासून बाईंकडे नेलं आणि म्हटलं, "बाई, जानकीने तुम्हाला वाचवलं."

त्यांनी भांडं स्टोव्हवर ठेवलं, कात्र्या आत सोडल्या. वर न बघता म्हणाल्या, "तिला कशाला यावं लागलं, कंपाउंडर? तुम्ही चौघे तर जिवंत होतात."