आमची किलर

सामन्याआधी किलर समोरच्या मुलींची नावं विचारून घ्यायची. ओळख वाढवायला नव्हे. "कोणाला बाद केलं ते आपल्याला माहीत पाहिजे," म्हणायची. हसायची मात्र नाही.

खरं नाव सुनंदा. सोनगीरजवळच्या खेड्यातून जळगावला कॉलेजात आलेली. वसतिगृहात तिची खाट माझ्या शेजारी. भुसावळच्या एका सामन्यात तिघींनी तिला खाली दाबलं होतं, तरी ती सरपटत गेली आणि मध्यरेषेला बोटं टेकवली. आमचे कबड्डीचे सर बाहेरून ओरडले, "किलर!" तेव्हापासून तेच नाव पडलं. तिला ते आवडायचं. वहीवरही तेच लिहायची.

एकदा तिची आई सामना बघायला आली. जो तो पोरीला त्याच नावानं हाका मारतोय हे ऐकून तिनं सरांना विचारलं, "भाऊ, किलर म्हंजे काय शे? मनी पोर कोनले मारस का?"

सर हसले. "नाही हो अक्का. किलर म्हणजे जी समोरच्याला सोडत नाही. कौतुकाचा शब्द आहे."

"सोडनंबी येवाले पाहिजे," आई म्हणाली आणि डबा उघडायला लागली.

शेवटच्या वर्षी निवड चाचणीच्या आदल्या दिवशी सुनंदाचा गुडघा सुजला. मी म्हटलं, नको खेळूस. ती सरांकडे गेली. सरांनी गुडघा दाबून पाहिला, पट्टी बांधली आणि एवढंच विचारलं, "किलर मैदान सोडते का?"

ती खेळली. वळताना गुडघ्यातून आवाज आला, तो मला बाकावर ऐकू आला. तरी ती हातांवर रांगत रेषेपर्यंत आली. गुण मिळाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, ऑपरेशननंतर चालता येईल, खेळता येणार नाही. दवाखान्यात आई दिवसरात्र बसून होती. सर एकदाच येऊन गेले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघी सामना बघायला गेलो. एक काटकुळी मुलगी दोघींना बाद करून परतली आणि सर ओरडले, "शाब्बास, किलर!" सुनंदानं अभावितपणे मान वर केली. मग ती खाली बघत राहिली.

मध्यंतरात ती लंगडत त्या मुलीपाशी गेली. वाकवत नव्हतं, तरी वाकून तिचे दोन्ही गुडघे चाचपले.

"दुखलं तर आईला सांगायचं. सरांना नाही."

"मला काही होत नाही ताई," मुलगी म्हणाली आणि शिट्टी वाजताच मैदानात पळाली.