माहेरचं सांबर, सासरचं सांबर

उचगावच्या आक्काताईसमोर सांबराचं नाव काढायची सोय नाही. हॉटेलात इडलीबरोबर सांबार आलं तरी तिच्या कपाळाला आठी पडते.

तिच्या लहानपणी शिकारीला बंदी नव्हती. हातकणंगल्याचे तिचे वडील परवाना काढून दाजीपूरच्या रानात गेले आणि एक सांबर मारून आले. पुढच्या वर्षी त्यांच्याच टोळीतल्या एका दोस्तानं दुसरं मारलं. ती दोस्ती इतकी घट्ट झाली, की पुढं आक्काताई त्या दोस्ताची सून होऊन उचगावात आली. दोघंही म्हातारे कधीच गेले. मागं राहिल्या शिंगांच्या दोन जोड्या, एक सासरी सोप्यात आणि एक माहेरी भाऊ गुंडूकडं. आणि राहिलं एक भांडण. कुणाचं सांबर जड?

काट्यावर दोन्हीतलं एकही चढलं नव्हतं. त्यामुळं सगळा अंदाजाचा बाजार.

"आमच्या आबांचं सांबर आठ गड्यांनी बांबूवर घालून आणलंय," आक्काताईचा नवरा बाबासो सांगायचा. "माणशी चाळीस किलो धरा. तीनशे वीस!"

"दाजी, आठातलं चार नुसतं बांबूला हात लावून चाललं असतील की," गुंडू म्हणायचा. "आमच्या अण्णांनी पटक्यानं छातीचं माप घेतलंतं. बैलाचं वजन तसंच काढत्यात."

"सांबर म्हंजे बैल हाय व्हय?"

"बरं, तुमचं आतडी काढून का आतडी धरून?"

हा आतड्यांचा प्रश्न आला की आक्काताई उठून आत जायची. पोट साफ केल्यावर चौथाई वजन जातं, असं गुंडूचं म्हणणं. अण्णांचं सांबर रानातच साफ करून आणलं होतं, तेव्हा त्याच्या वजनात चौथाई मिळवली पाहिजे. बाबासो म्हणायचा, मिळवायचीच तर आमच्याही मिळवा. असं करत दोन्ही सांबरं दरवर्षी वाढत होती. मेलेली जनावरं, पण जिवंत म्हशींपेक्षा झपाट्यानं अंग धरत होती.

यात बाईचं मरण. हातकणंगल्याचं जड म्हणावं तर नवरा ताटावरनं उठायचा, उचगावचं म्हणावं तर भाऊ अबोला धरायचा. एका दिवाळीत तर बाबासो सासुरवाडीतनं फराळ टाकून उठला आणि बायकोला घेऊन थेट स्टँडवर गेला. त्यानंतर तीन वर्षं भाऊबीज नाही. गुंडूच्या लेकाच्या बारशालाही ती गेली नाही. लोक विचारायचे, काय जमिनीचं काही आहे का? काय सांगणार कपाळ!

यंदा नात अक्षताचा साखरपुडा ठरला, तेव्हा आक्काताईनं नवऱ्याला आणि भावाला दोघांना समोर बसवून दम दिला. "आज सांबर काढलंसा तर माझ्यासारखी वाईट न्हाई." दोघांनीही माना डोलावल्या.

अंगठ्या झाल्या, ओट्या भरल्या, पंगत बसली. आक्काताई जिलेबीचं ताट घेऊन सोप्यात आली, आणि तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा, अमरसिंह, भिंतीवरच्या शिंगांकडं बघून म्हणाले, "जनावर मोठं असणार, पावणं."

झालं. बाबासोनं हातातला घास खाली ठेवला. आठ गडी आले, बांबू आला. पाठोपाठ गुंडूचा पटका आला. मामाही शांतपणे विचारत गेले. कुठल्या रानात? कुठल्या साली? शिंगं किती हात? तीनशे वीसचे साडेतीनशे झाले, साडेतीनशेचे पावणेचारशे. आक्काताई डोळे वटारून उभी, पण तिच्याकडं बघतो कोण.

"मामांना ह्यातलं लई कळतंय," व्याही कौतुकानं म्हणाले. "वनखात्यात रेंजर हुते. गेल्या सालीच रिटायर झाले."

गुंडू ताटातल्या भातात गुंतला.

"शिंगांची नोंद केलीया न्हवं खात्यात?" मामांनी विचारलं.

बाबासोनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "तसं... लई मोठं नव्हतं ते."

"आमचं तर बारकंच," गुंडू घाईनं म्हणाला. "भेकरापरास जरा थोरलं."

"आमच्या आबांनी मारलंतं का न्हाई, ह्याचीबी खात्री न्हाई. शिंगं इकत आणली असतील."

"इकत घेणं तर त्याहून वाईट की, पावणं," मामा म्हणाले.

आक्काताईनं जिलेबीचं ताट खाली आदळलं.

"भेकरू? माझ्या तीन दिवाळ्या गेल्या ह्या सांबरापायी, आणि आता म्हनतासा भेकरू?" तिचा आवाज मांडवापर्यंत गेला. "भावाच्या पोराच्या बारशाला गेलो न्हाई मी! मला इचारा की. सात वर्सांची हुतो, अण्णांनी दारात आणून टाकलं तवा मीच जवळ हुतो. वजन कुणाला कळतंय? त्याचं डोळं उघडं हुतं आणि पापणीवर माशी बसलीती, ती मी हाकलत बसलोतो. तेवढंच मला ठावं. त्या माशीचं वजन करा आता!"

अक्षतानं धावत येऊन आजीचा हात धरला. व्याह्यांच्या बाजूनं कुणीतरी हसलं. अमरसिंह मामा मात्र ताटावरनं उठले आणि आक्काताईजवळ आले.

"वहिनी, मी काय कुणाला धरायला आलो न्हाई. नोंद नसली तर आपणहून शिंगं खात्यात नेऊन देऊया. मी येतो संगं."

"आजच न्या," आक्काताई म्हणाली. "दोन्ही घरची."

त्या दिवशी काही जमलं नाही. पुढच्या आठवड्यात टेम्पोत शिंगांच्या दोन्ही जोड्या घालून मंडळी वनखात्याच्या कचेरीत गेली. मध्येच हे दोघं बेत फिरवतील म्हणून आक्काताई मुद्दाम बरोबर गेली. मामांनी ओळखीनं सगळं नीट समजावलं. जबाब झाले, सह्या झाल्या. कारकुनानं नोंदीसाठी एकेक जोडी काट्यावर ठेवली.

गुंडूची जोडी किंचित जड भरली.

"बघा!" गुंडूनं मांडीवर थाप मारली.

"शिंगाचं वजन म्हंजे जनावराचं वजन व्हय?" बाबासो उसळला. "खिलार बैल बघ. अंगानं सडपातळ, शिंगं ही एवढाली!"

"पण सांबराचं तसं नसतंय," कारकून खुर्ची पुढं ओढून म्हणाला. "आमच्या गावाकडं एक सांबर..."

आक्काताईनं पिशवी उचलली. "चालू द्या तुमचं," एवढंच म्हणून ती बाहेर पडली. रस्त्यावर उचगावची बस मिळाली, खिडकीजवळ जागाही मिळाली.

घरी सोप्याच्या भिंतीवर शिंगांच्या जागी दोन भोकं आणि पांढरट ठसा राहिला होता. अक्षतानं चहा ठेवला. आक्काताई खाली चटईवर पाय पसरून टेकली. थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन आला, तो थांबतो तोवर भावाचा. तिनं फोन उशीखाली सारला आणि डोळे मिटले.